अडीच गुंठे भाड्याने : इंग्लंडमधली 'अलॉटमेंट', तिचा खर्च आणि सोयी



माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये राहते. एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "ताई, कौन्सिलचं पत्र आलंय. भाजी लावायला जमीन मिळतेय, भाड्याने. चौदा दिवसांत हो की नाही कळवायचंय. घेऊ का?" तिचं नाव साडेतीन वर्षं प्रतीक्षा यादीत होतं. घरी दोन लहान मुलं, तिची नोकरी अर्धवेळची, त्यात घरभाडं वाढलेलं. शेवटी हळूच म्हणाली, "अण्णांना इतक्यात सांगू नकोस हं. मी मातीसाठी पैसे भरतेय असं ऐकलं तर त्यांना कसं वाटेल कोण जाणे."

तिच्या शिक्षणासाठीच अण्णांनी रस्त्याकडेची आठ गुंठे जमीन विकली होती. घरात त्यावर कोणी कधी बोललं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

मी तिला म्हटलं, "थांब. आधी पत्र नीट वाचू, हिशोब मांडू, मग ठरव." चौथी-पाचवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरण सोडवायला शिकवतो ना आपण, अगदी तसंच. काय दिलंय, काय विचारलंय, कोणत्या पायऱ्या करायच्या. त्या हिशोबातून मला जे समजलं ते या लेखात मांडते. आपल्यापैकी अनेकांची भावंडं, मुलं, माजी विद्यार्थी तिकडे आहेत, त्यांना उपयोग होईल. आणि आपल्या वर्गातल्या क्षेत्रफळाच्या पाठालाही होईल. कसा, ते शेवटी सांगते.

१) अलॉटमेंट म्हणजे काय?

अलॉटमेंट म्हणजे घरच्यापुरती भाजी आणि फळं पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. बहुतेक जागा स्थानिक कौन्सिलच्या (म्हणजे आपल्या नगरपालिका-ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या) मालकीच्या असतात. एका मोठ्या आवारात असे वीस, पन्नास, कधी शंभरावर तुकडे शेजारी शेजारी असतात. मध्ये पायवाटा, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. प्रत्येक भाडेकरूकडे फाटकाची किल्ली असते. राहायला मात्र तिथे परवानगी नसते.

याची मुळं जुनी आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गावोगावची सामाईक गायरानं आणि रानं कुंपण घालून खाजगी झाली. ज्यांची गाय त्या गायरानावर चरायची, ज्यांचं सरपण त्या रानातून यायचं, ते मजूर उघड्यावर पडले. १८४५ च्या कायद्यात गरिबांच्या भाजीपाल्यासाठी काही जागा राखून ठेवण्याची तरतूद आली. पुढे १९०८ च्या 'स्मॉलहोल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स अ‍ॅक्ट'ने, मागणी असेल तर अशी जागा उपलब्ध करून देणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरवलं. गावातले सहा मतदार किंवा करदाते एकत्र येऊन लेखी मागणी करू शकतात आणि कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लंडनच्या आतल्या भागातल्या कौन्सिलांना मात्र हे कर्तव्य लागू नाही.

दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारं धान्य-फळं कमी झाली तेव्हा 'डिग फॉर व्हिक्टरी' ही मोहीम निघाली. बागा, मैदानं खणली गेली. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे होते! त्या काळात तुकड्यांची संख्या सुमारे चौदा लाखांपर्यंत गेली. आज ती तीन लाखांच्या थोडी वर आहे. म्हणजे जागा कमी आणि मागणारे जास्त. म्हणूनच प्रतीक्षा यादी लांबते.

२) तुकडा केवढा असतो?

इथे मला खरी गंमत वाटली. पत्रात लिहिलं होतं, 'प्लॉट : ५ रॉड.' बहीण म्हणाली, "हे रॉड काय प्रकरण आहे?"

रॉड हे जुनं इंग्रजी माप. लांबीचा एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. जमिनीच्या बाबतीत 'रॉड' म्हणजे चौरस रॉड. यालाच 'पोल' किंवा 'पर्च' असंही म्हणतात. पूर्ण अलॉटमेंट परंपरेने १० रॉडची असते, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर.

आता आपला गुंठा आठवा. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि ३३ फूट म्हणजे बरोबर दोन रॉड! म्हणून एका गुंठ्यात २ × २ = ४ चौरस रॉड बसतात. मग १० रॉड म्हणजे १० ÷ ४, बरोबर अडीच गुंठे. एक चौरस फूटसुद्धा इकडे-तिकडे नाही. हा योगायोग नव्हे. ब्रिटिशांनी आपल्याकडे जमीन मोजली ती ३३ फुटी साखळीने, आणि त्यांचा एकर ज्या मापांतून आला त्याच मापांतून आपला चाळीस गुंठ्यांचा एकर आला.

बहिणीला मिळणारा पाच रॉडचा तुकडा म्हणजे अर्धा प्लॉट, सव्वा गुंठा. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "आता कसं डोळ्यांसमोर आलं. आपल्या गोठ्यामागची मोकळी जागा एवढीच असेल ना?" साधारण तेवढीच.

१९२२ च्या कायद्याने अलॉटमेंटची वरची मर्यादा ४० पोल ठेवली, म्हणजे पाव एकर, दहा गुंठे. आणि पीक मुख्यतः स्वतःच्या कुटुंबासाठी हवं, ही अटही घातली. भाजीचा धंदा करायला ही जागा नाही.

३) खर्च किती?

सगळीकडे एकच दर नाही. प्रत्येक कौन्सिल आपला दर ठरवते. कायद्याचे शब्द एवढेच की, भाडेकरूने जेवढं देणं वाजवी ठरेल तेवढं भाडं. त्यामुळे कुठे पूर्ण प्लॉटला वर्षाचे २५-३० पौंड, तर कुठे १०० पौंडांच्या वर. खाजगी मालकाची जागा असेल तर आणखी जास्त. म्हणून 'शेजारच्या गावात इतकंच आहे' यावर विसंबू नये, आपल्या पत्रातला आकडा बघावा.

भाड्याशिवाय हे विचारून घ्यावं :

• पाणीपट्टी भाड्यात धरली आहे की वेगळी?
• किल्लीसाठी किंवा प्लॉटसाठी अनामत रक्कम किती? ती परत कधी मिळते? (जागा सोडताना तुकडा साफ नसेल तर ती कापली जाऊ शकते.)
• प्लॉटधारकांच्या मंडळाची वर्गणी आहे का? विम्याचे पैसे त्यातच आहेत का?
• सवलत आहे का? ज्येष्ठ नागरिक, कमी उत्पन्नाची कुटुंबं, विद्यार्थी यांना अनेक कौन्सिल सवलत देतात. अर्जात खूण केली नाही तर ती आपोआप मिळेलच असं नाही.
• भाडं दरवर्षी वाढतं का? किती आधी कळवतात?

आता एक नमुना हिशोब बघू. आकडे सोयीसाठी घेतलेत, पद्धत लक्षात घ्या. समजा, एका रॉडला वर्षाचे ८ पौंड.

५ रॉडचं भाडं : ४० पौंड
पाणी : १० पौंड
मंडळाची वर्गणी : ५ पौंड
एकूण वर्षाचा खर्च : ५५ पौंड
अनामत (परत मिळणारी) : ५० पौंड
पहिल्या वर्षी हातात हवेत : १०५ पौंड

आपण चुकतो ते इथेच. १०५ चा आकडा बघून घाबरतो, किंवा ४० चा बघून खूश होतो. खरा आकडा ५५. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे आठवड्याला साधारण एक पौंड. पण १०५ पौंड एकदम काढायची सोय आहे का, हाही प्रश्न तितकाच खरा. बहिणीच्या बाबतीत तर तोच मोठा होता. तिने कौन्सिलला फोन करून विचारलं, तेव्हा कमी उत्पन्नासाठी सवलत आहे असं कळलं. पत्रात ती बारीक अक्षरांत मागच्या पानावर होती.

यापुढचा खर्च पत्रात नसतो : फावडं, दाताळं, खुरपं, झारी, बियाणं, खत, पाखरांसाठी जाळी. नवं सगळं विकत घ्यायला गेलात तर वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे जातात. जुनी अवजारं मात्र तिकडे स्वस्तात मिळतात. कुणी प्लॉट सोडताना ती शेजाऱ्याला देऊनही जातं.

४) सोयी कोणत्या?

'सोयी' म्हटल्यावर मोठी अपेक्षा ठेवू नका. काही ठिकाणी नुसती जमीन आणि फाटक एवढंच असतं. बघायला जाल तेव्हा ही यादी जवळ ठेवा :

पाणी : नळ किंवा टाकी आपल्या तुकड्यापासून किती पावलांवर आहे? पाईप लावू देतात की झारीनेच घालायचं? हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी बंद करतात, ते कोणत्या महिन्यांत?

शौचालय : लहान मुलं असतील तर हा पहिला प्रश्न. बऱ्याच आवारांत नसतं. असलं तर अनेकदा बिनपाण्याचं, कंपोस्टचं असतं.

शेड : अवजारं ठेवायला छोटी लाकडी खोली बांधू देतात का? केवढी? काचघर चालतं का? आधी परवानगी लागते का?

खत : काही आवारांत घोड्याची लीद किंवा झाडांच्या फांद्यांचा भुगा आणून टाकतात, सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आपल्या शेणखताची सवय असलेल्याला हे फार आवडतं.

मंडळाचं दुकान : बियाणं, खत एकत्र घाऊक घेऊन सभासदांना कमी दराने देणारी छोटी टपरी. ती बहुतेक रविवारी सकाळी उघडते.

वाट आणि गाडी : फाटकापर्यंत गाडी जाते का? चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी उंच वाफे आहेत का?

कोंबड्या : १९५० च्या कायद्यानुसार घरच्यापुरत्या कोंबड्या आणि ससे पाळता येतात. कोंबडा मात्र नाही! भल्या पहाटे आरवतो ना.

५) करारातल्या ज्या ओळी आपण वाचत नाही

पहिली ओळ लागवडीची. तुकड्याचा ठरावीक भाग, बहुतेक ठिकाणी अर्ध्यापेक्षा जास्त, पिकाखाली असलाच पाहिजे. वर्षातून एक-दोनदा पाहणी होते. गवत माजलेलं दिसलं तर ताकीद आणि मग नोटीस.

दुसरी ओळ काढून टाकण्याची. इंग्लंड-वेल्समध्ये जागा दुसऱ्या कामासाठी परत हवी असेल तर साधारणपणे किमान बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि ती ६ एप्रिल ते २९ सप्टेंबर या मधल्या काळात संपता कामा नये. का? उभं पीक सोडून जायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. हा नियम वाचताना मला फार बरं वाटलं. पण भाडं चाळीस दिवस थकलं किंवा नियम मोडले, तर एका महिन्याच्या नोटिशीवरही जागा जाऊ शकते.

तिसरा प्रश्न जागेच्या प्रकाराचा. जागा 'स्टॅच्युटरी', म्हणजे कायद्याने अलॉटमेंटसाठीच राखलेली आहे, की 'टेम्पररी', की खाजगी? पहिल्या प्रकारची जागा विकायला किंवा दुसरीकडे वापरायला कौन्सिलला केंद्र सरकारची संमती लागते. १९२५ च्या कायद्याने दिलेलं हे संरक्षण दुसऱ्या दोन प्रकारांना नाही. सफरचंदाचं रोप लावायचं असेल तर हे आधी विचारा. फळ यायला वर्षं लागतात. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तिथलाच बघावा.)

६) जर्मनीची गोष्ट, आणि तीही शिक्षकांची

जर्मनीत अशाच बागांना 'श्रेबरगार्टन' म्हणतात. लाइपझिग शहरातले डॉ. मोरिट्झ श्रेबर यांचं नाव त्यांना मिळालं, पण बागा त्यांनी काढल्या नाहीत. ते १८६१ मध्ये वारले. १८६४ मध्ये अर्न्स्ट हाउशिल्ड या मुख्याध्यापकांनी पालकांना जमवून एक संघ काढला आणि त्याला श्रेबर यांचं नाव दिलं. हेतू होता मुलांना खेळायला मोकळं मैदान मिळावं. पुढे कार्ल गेझेल या शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. मुलांचा उत्साह काही दिवसांत ओसरला, तण माजलं, आणि मग आईवडिलांनीच खुरपी हातात घेतली. वाफे मुलांचे होते ते कुटुंबांचे झाले. शाळेच्या परसबागेत ज्यांनी काम केलंय त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको!

तिथल्या १९८३ च्या कायद्यानुसार तुकडा जास्तीत जास्त ४०० चौरस मीटरचा (सुमारे चार गुंठे) असावा, आणि खोपीवजा घर २४ चौरस मीटरपर्यंत. भाड्यावर कायद्याची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे ते कमी असतं. पण आधीच्या भाडेकरूचं घर आणि झाडं यांची किंमत नव्याने येणाऱ्याला द्यावी लागते, ती हजारो युरोही होऊ शकते. म्हणजे इंग्लंडमध्ये वाट बघण्याचा काळ मोठा, तर जर्मनीत सुरुवातीची रक्कम मोठी असू शकते. 'भाडं किती' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही, तो असा.

७) मग बहिणीने काय केलं?

घेतली जागा. आणि पहिल्याच वर्षी फसली. एप्रिलमध्ये सगळा सव्वा गुंठा एकदम खणून काढला, हात सोलवटून घेतले. जूनमध्ये मुलं आजारी पडली, तीन आठवडे जाणं झालं नाही. जुलैत पाहणी झाली आणि ताकीद आली : एवढ्या दिवसांत तण काढा, नाहीतर पुढची कारवाई. मला फोन करून रडली. "ताई, पैसे गेले त्याचं नाही गं. पण मला जमीन सांभाळता आली नाही."

तेव्हा मात्र मी अण्णांना सांगितलं. ते रागावले नाहीत. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिने तुकडा दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर हरणखुरी! ही तिकडं पण हाय व्हय?"

खरंच ती हरणखुरी होती, आपल्या काळ्या रानात पिकाला वेढे घालणारी चांदवेल. तिकडचे प्लॉटधारक तिच्या नावाने तशीच बोटं मोडतात. अण्णा म्हणाले, "खणून चूक केलीस. मुळाचा प्रत्येक तुकडा नवी वेल काढतो. थोड्या जागेतली मुळं येचून काढ, बाकीची झाकून टाक. उजेड नाय मिळाला की दमंल ती. समदं एकदम करायला जाऊ नको." शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं, जुनी खोकी आणि काळा कागद अंथरायला. तिने चार वाफे राखले, बाकी झाकलं. कौन्सिलला पत्र लिहून अडचण कळवली. त्यांनी मुदत वाढवली. सांगितल्यावर बहुतेक ठिकाणी ऐकून घेतात. न सांगता गैरहजर राहिलं की अडचण होते.

पुढच्या मेमध्ये तिने मेथी लावली. तिकडच्या उन्हाळ्याला मेथी चांगली येते. जुडी हातात धरलेला नातवाचा फोटो अण्णांनी मला तीनदा दाखवला. आठ गुंठ्यांबद्दल ते आजही काही बोलत नाहीत. पण दर रविवारी साडेचारला फोन घेऊन ओट्यावर बसतात, आणि "आज काय लावलंस?" असं विचारतात.

८) वर्गात घेण्याजोगा उपक्रम

३३ फूट दोरी घ्या. मैदानावर एक गुंठ्याचा चौरस आखा. बऱ्याच मुलांनी 'गुंठा' हा शब्द फक्त जमीन विकण्याच्या बोलण्यात ऐकलेला असतो, त्यांना तो पायांनी चालून बघू द्या. मग :

१. चौरसाच्या प्रत्येक बाजूचा मध्य साधून चार समान चौरस करा. एक चौरस म्हणजे एक चौरस रॉड. त्याची बाजू किती फूट?
२. ३३ फूट × ८२.५ फूट असा आयत आखा. त्याचं क्षेत्रफळ किती गुंठे?
३. वर्षाचं भाडं ४० पौंड, तर एका चौरस रॉडला किती? एका गुंठ्याला किती?
४. सव्वा गुंठ्यात तुम्ही काय काय लावाल? चित्र काढा, वाफ्यांना नावं द्या.

चौथा प्रश्न सोडू नका. माझ्या वर्गात एका मुलीने अर्ध्या जागेत मिरची लावली होती. 'एवढी का गं?' विचारलं तर म्हणाली, "बाई, आमची आई मिरच्या तोडायला जाते. ती हिथंच लावली तर तिला लांब जायला नको."

तर पालकहो, जमीन भाड्याने घ्यायची असेल, इथे किंवा तिकडे, तर भाड्याच्या आकड्याखालच्या ओळीही वाचा. पाणी कुठे, अनामत किती, नोटीस केव्हा, आणि आठवड्यातले किती तास आपल्याकडे आहेत. बहिणीला चौदा दिवस मिळाले होते. तुमच्याकडे बहुधा जास्त असतील.

उपक्रम करून बघितलात तर मुलांनी काय काय लावलं ते नक्की कळवा.